प्रोसेसर नुसता गरम आहे की जास्त तापलाय?

श्रोतेहो, नमस्कार. डेस्कटॉपचा पंखा घोंघावू लागला की अनेकजण कॅबिनेटला हात लावून पाहतात आणि ‘तापलाय’ असा निकाल देतात. पण हाताला कळतं ते पत्र्याचं तापमान. प्रोसेसरच्या आत स्वतःचे सेन्सर असतात, तेच वाचायला हवेत.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डचं तापमान दिसू शकतं, प्रोसेसरचं मात्र नाही. त्यासाठी एचडब्ल्यू-इन्फो किंवा कोअर टेम्प हे मोफत प्रोग्रॅम घ्या. बायोसमधला, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जच्या पडद्यावरचा, आकडा फारसा उपयोगाचा नाही. तिथे विजेची बचत पूर्ण चालू नसते, म्हणून तो थोडा चढाच दिसतो. आणि भर कामात काय होतं ते तर त्यातून कळतच नाही.

आता आकडे. मशीन नुसतं सुरू असताना 35 ते 50 अंश सेल्सिअस, जड कामात 65 ते 85, हे नेहमीचं. मधूनच एखादा प्रोग्रॅम उघडताना दहा-पंधरा अंशांची उडी दिसली तर तिकडे दुर्लक्ष करा. पण खरी मर्यादा, म्हणजे ज्यापुढे प्रोसेसर स्वतःला आवरतो ते तापमान, प्रत्येक मॉडेलची वेगळी. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची 100 अंश, एएमडी कंपनीच्या रायझन 7000 मालिकेतल्या बहुतेकांची 95, आणि त्याच मालिकेतल्या 7800 एक्स-थ्री-डीची 89. गंमत म्हणजे रायझन 7950 एक्स पूर्ण ताकदीनं चालवला की मुद्दामच 95 पर्यंत जातो. त्याची रचनाच तशी आहे. मात्र तोच 95 नुसतं वेबपेज वाचताना दिसला, तर नक्की काहीतरी बिघडलंय.

खोलीचं तापमानही आधी पाहून घ्या. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच चढतो.

मग सिनेबेंच या प्रोसेसरवर पूर्ण ताण देणाऱ्या प्रोग्रॅमची सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरच्या सगळ्या गाभ्यांची, चाचणी दहा मिनिटं चालवा आणि आकडा कसा चढतो ते बघा. माझ्या मते निदान इथेच होतं. 7950 एक्ससारखे मुद्दाम मर्यादेपर्यंत जाणारे प्रोसेसर सोडले, तर दोन-तीन सेकंदांत तापमान थेट मर्यादेला भिडणं म्हणजे उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये: प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली, कूलरची एखादी पिन सुटलेली, किंवा तळाची प्लास्टिकची फिल्म काढायचीच राहिलेली. हो, हे होतं! लिक्विड कूलर असेल तर पंप फिरतोय का ते तपासा. तापमान हळूहळू, मिनिटामिनिटाला चढत राहिलं, तर अडचण हवेची. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून पुन्हा चाचणी घ्या. आकडा चांगला आठ-दहा अंशांनी उतरला तर दोष कॅबिनेटमधल्या हवेच्या वाटेचा. जाळी आणि पंखे साफ करा. काहीच फरक नसेल तर कूलरच्या पात्यांमध्ये धूळ अडकलीय का ते पाहा.

एचडब्ल्यू-इन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगची, म्हणजे तापल्यामुळे वेग कमी केल्याची, ओळ असते. चाचणीत तिथे ‘येस’ आलं आणि वेग प्रोसेसरच्या बेस क्लॉकच्या, म्हणजे कंपनीनं दिलेल्या मूळ वेगाच्याही, खाली गेला, तर कूलिंग अपुरं आहे, यात वाद नाही. प्रोसेसर लगेच जळत नाही. तो आधी वेग कमी करतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद पाडतो.

पेस्ट बदलायची तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी ठेवा, आणि स्क्रू समोरासमोरचे आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. एक स्क्रू आधीच पूर्ण आवळला की कूलर तिरका बसतो. एएम-फोर सॉकेटवाल्यांनी, म्हणजे एएमडीचे त्या खाचेत बसणारे प्रोसेसर असणाऱ्यांनी, एक खबरदारी घ्यावी. आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून वायर काढा, आणि कूलर सरळ न उपटता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. या प्रोसेसरच्या पिना त्याच्याच पोटाला असतात. सुकलेल्या पेस्टमुळे तो कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.