नरक्याच्या सालीतली बुरशी

श्रोतेहो, नमस्कार.

महाबळेश्वर-कोयनेच्या रानात हिंडणाऱ्यांना नरक्या माहीत असतो. उग्र वासाचं, बेताच्या उंचीचं झाड. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण त्याच्यात कॅम्प्टोथेसिन सापडलं आणि झाडावर कुऱ्हाडी चालू लागल्या. पेशीतल्या डीएनएचा पीळ सोडवणारं एक विकर हे द्रव्य अडवून धरतं, आणि भराभर वाढणाऱ्या कर्कपेशी मरतात. टोपोटेकान, इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधं त्याच्यापासूनच बनतात. मूळ शोध १९६६ चा, एका चिनी झाडातला. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी लावलेला. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, बरं का! यू नावाच्या झाडातलं टॅक्सॉल, हे कर्करोगावरचं आणखी एक औषध, तेही याच जोडीनं शोधलं.

आता गंमत ऐका. जवळपास प्रत्येक झाडाच्या आत बुरशी राहते, झाडाला आजारी न पाडता. १९९३ साली अमेरिकेत मोंटानातल्या यू वृक्षाच्या सालीत अशी एक बुरशी मिळाली आणि ती स्वतः टॅक्सॉल बनवते, असं जाहीर झालं. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी नरक्यातल्या बुरशीत कॅम्प्टोथेसिन दाखवलं. म्हणजे झाड न तोडता औषध? बातम्यांना तेवढं पुरलं.

ही बुरशी बाहेर काढतात कशी? डहाळीचा तुकडा धुवायचा, अल्कोहोलमध्ये आणि मग ब्लीचच्या द्रावणात बुडवून वरचे जंतू मारायचे, निर्जंतुक पाण्यानं खळबळायचं. शेवटचं पाणीही वेगळ्या बशीत तपासायचं. त्यात काही उगवलं तर सगळं मुसळ केरात. मग तुकडा चिरून बटाट्याच्या अर्काच्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, ठेवायचा. काही दिवसांनी चिरलेल्या कडेतून पांढरे तंतू डोकावतात.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. विरजण लावावं तशी ही बुरशी एका बशीतून दुसरीत लावत गेलं, की दर खेपेला द्रव्य घटत जातं. चिनी झाडातल्या अशाच एका बुरशीचे जनुक तपासल्यावर उलगडा झाला: कॅम्प्टोथेसिन बनवण्याच्या साखळीतलं एक विकर तिच्याकडे नाहीच, ते ती झाडाकडून घेते. स्वतःच्याच विषानं मरू नये म्हणून डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या स्वतःच्या विकरात बदल मात्र तिनं करून ठेवलाय! मोंटानातल्या बुरशीत तर लिटरमागे काही डझन नॅनोग्रॅमच टॅक्सॉल मिळालं होतं, आणि बुरशी ते खरंच स्वतः बनवते का, यावरच पुढे शंका घेतली गेली. आज टॅक्सॉल मिळतं ते यूच्या पानांतल्या द्रव्यापासून, नाहीतर टाक्यांत वाढवलेल्या यूच्या पेशींपासून.

माझ्या मते, बुरशी म्हणजे स्वस्त कारखाना ही घाईच झाली. त्यापेक्षा झाड आणि बुरशी यांच्यात कोण कुणाला काय देतं, हे शोधणारं काम मला जास्त मोलाचं वाटतं. काही प्रयोगशाळांत आता बुरशीला एकटं न वाढवता दुसऱ्या सूक्ष्मजीवांच्या सोबतीनं वाढवून पाहतात. शेजार मिळाला, की एरवी गप्प बसलेले तिचे जनुक कधीकधी जागे होतात.