शाळेतला नळ वाहता राहावा म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, कारण तोवर इथले ऊन उतरलेले नसते. शाळा सुरू होण्याआधी वर्गखोल्या झाडल्या जातात, तोरणे बांधली जातात, पुस्तकांचे गठ्ठे येऊन पडतात. पण छतावरच्या पाण्याच्या टाकीचे झाकण उघडून आत कोणी पाहिले का, याची चौकशी सहसा होत नाही. एप्रिल-मेच्या रखरखीत उन्हात साचून राहिलेले पाणी, तळाचा गाळ, झाकण वाऱ्याने उडाले असेल तर त्यात पडलेला पालापाचोळा आणि पाखरांची विष्ठा, हे सारे पहिल्याच दिवशी नळावाटे खाली येते आणि खेळून दमलेली मुले ते ओंजळीने पितात. गावच्या शाळेत पाण्याची सोय करून देणे आणि ती सोय रोज चालू ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला अजून पुरेसा धनी मिळालेला नाही, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

पहिल्या कामाबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ मध्ये प्रत्येक शाळेत सर्व मुलांसाठी सुरक्षित व पुरेसे पिण्याचे पाणी आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत, असे लिहिलेले आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली आणि २ ऑक्टोबर २०२० पासून शाळा-अंगणवाड्यांना नळजोडणी देण्यासाठी शंभर दिवसांची खास मोहीम निघाली. काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यापासून कुही-भिवापूरच्या धानशेतीपर्यंत अनेक शाळांच्या आवारात आज हँडवॉश स्टेशन उभे दिसते. जवळ गेल्यावर मात्र कधी कधी वेगळे चित्र दिसते. फरशी लावलेला ओटा आहे, भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्या सुंदर रंगवलेल्या आहेत. पण एका तोटीला चिंधी बांधलेली, दुसरीच्या जागी लाकडी खुंटी ठोकलेली, आणि साबणाच्या खोबणीत नुसती वाळलेली पांढरी रेघ.

हे का घडते, हे समजून घ्यायचे तर खिचडीच्या सुट्टीकडे पाहावे. शालेय पोषण आहाराची घंटा झाली की शे-सव्वाशे मुले एकदम नळाकडे धावतात. साबण लावून नीट हात चोळायला वीस सेकंद लागतात; हात भिजवणे आणि धुऊन काढणे धरून एका मुलाची चाळीस सेकंदे धरू. तीनच तोट्या चालू असतील, तर १२० मुलांना जवळजवळ सत्तावीस मिनिटे लागतील, आणि तेवढ्यात खिचडी थंड होऊन जाईल. म्हणून मुले बोटे ओली करून रांगेत बसतात. यात मुलांचा दोष नाही. एका आडव्या पाइपला वीतभर अंतरावर छिद्रे पाडून एकच व्हॉल्व्ह बसवला, तर दहा-बारा मुले एकाच वेळी हात धुतात, दहा तोट्यांची डागडुजी वाचते आणि पाणीही कमी लागते. पाइप मात्र पहिलीतल्या मुलाचा हात पोहोचेल एवढ्याच उंचीवर हवा. साबण पाण्यात विरघळून जातो, कधी नाहीसाही होतो. त्यासाठी संत्री ज्या जाळीत विकतात तशा जाळीत वडी घालून ती पाइपला टांगावी. वडी कोरडी राहते आणि महिनाअखेरपर्यंत पुरते.

या साध्या साबणाने काय साधते, ते सांगायला हवे. जंतनाशक दिनी मुलांना गोळी दिली जाते. पण नखांत माती आणि हातावर घाण तशीच राहिली, तर जंत पुन्हा पोटात जातात. हगवण, टायफॉइड आणि कावीळ यांचाही मार्ग बराचसा हातातून आणि पाण्यातूनच जातो.

पाण्याच्या बाबतीत एक गैरसमज फार खोल रुजला आहे, तो म्हणजे नितळ दिसणारे पाणी चांगले. बोअरचे पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते, तरी त्यात नायट्रेट किंवा फ्लोराइड असू शकते. गोठे, शेणखताचे उकिरडे, शौचालयांचे खड्डे आणि शेतातली खते यांतून नायट्रेट भूजलात झिरपते. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, तर फ्लोराइडची १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळल्याने किंवा टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर, टाकल्याने जंतू मरतात, पण हे क्षार जात नाहीत. उकळून पाणी आटले तर त्यांचे प्रमाण उलट वाढते. ज्या नागपुरात १९५८ पासून आजची नीरी ही संस्था पाणी आणि पर्यावरण यांवर संशोधन करीत आली आहे, त्या नागपूरच्या परिसरातल्या शाळेला आपल्या बोअरच्या तपासणीचा कागद दाखवता येऊ नये, हे मला मनापासून खटकते.

टीसीएल पावडर उघड्या पोत्यात, ओलीत राहिली तर तिचा जोर निघून जातो. म्हणून गावचा जलसुरक्षक पावडर टाकतो एवढ्यावर न थांबता शाळेतल्या शेवटच्या नळाचे पाणी घेऊन ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणारी चाचणी, करून पाहावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन तिथवर पोचला असे समजावे. सहावी-सातवीची मुले हे शिक्षकांच्या देखरेखीखाली हौसेने करतात, आणि विज्ञानाचा तो उत्तम तास असतो.

आता पैशांचे. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के हिस्सा पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला गेला. तरीही अनेकदा काम अडते ते तोटीच्या वायसरपाशी, मोटारीच्या वीजबिलापाशी आणि साबणाच्या वडीपाशी, कारण हा खर्च कोणाच्याच नावावर लिहिलेला नसतो. मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून किती दिवस भागवणार? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. मुलीच्या पाळीच्या दिवसांत शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसेल तर ती घरी राहते, हे या आयांना कोणी सांगावे लागत नाही. त्यांनीच ग्रामसभेत उभे राहून शाळेच्या पाण्याचा वार्षिक खर्च ग्रामपंचायतीच्या आराखड्यात नावानिशी लिहून घ्यावा, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

यंदा शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी टाकी रिकामी करून घासून घ्यावी, क्लोरीनच्या पाण्याने धुवावी आणि मोटार चालवून पाइपातले जुने पाणी वाहू द्यावे. ओट्याचे सांडपाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेतल्या झाडांना वळवावे. पाण्याचा नमुना जंतुतपासणीसाठी द्यायचा तर तो प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, थंड ठेवावा आणि चोवीस तासांच्या आत पोचता करावा. अहवाल आला की तो फायलीत न ठेवता नळाजवळच्या भिंतीवर लावावा.

नमस्कार.