धनुष्याचं झाड

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी किनवटहून एक कमठा घेऊन घरी आली. कमठा म्हणजे धनुष्य. तीरकमठा हा शब्द आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून ऐकू येतो. तिच्या आजोळी चुलीच्या वर, आढ्याला, तो वर्षानुवर्षं खोचून ठेवलेला होता. धुरानं काळाकुळकुळीत झालेला, उभा धरला तर माझ्या छातीपर्यंत येणारा. तिनं तो माझ्या हातात दिला आणि विचारलं, "सर, हे लाकूड कशाचं?"

घरी येईल-जाईल त्यानं एकच उत्तर दिलं: बांबूचं. कमठा म्हटलं की बांबू, असं आपण धरूनच चालतो. पण बांबूला पेरं असतात आणि या कमठ्याला एकही पेर नव्हतं. अंगठ्यानं काजळी पुसली तर खाली लांबच लांब, सरळ जाणाऱ्या रेषा दिसल्या. म्हणजे झाडाचं लाकूड. आता किनवट-माहूरचा भाग सागाचा, म्हणून पुढचा अंदाज साग. तो मला पटेना. धनुष्य वाकतं तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. हे दोन्ही सोसून पुन्हा सरळ होणारं लाकूड चिवट लागतं. साग टिकाऊ खरा, दारं-खिडक्यांना त्याच्यासारखं लाकूड नाही, पण फार वाकवलं तर तो मोडतो.

तरीही नुसत्या पटण्या-न पटण्यावर लाकूड ओळखू नये. दोरी अडकवायच्या खाचेखालून नखाएवढी कपची काढली. तेवढीच, कारण वस्तू दुसऱ्याच्या घरची आणि घरच्यांच्या जीवाभावाची. नव्या ब्लेडनं तिचं आडवं तोंड साफ तासलं, पाण्याचं बोट लावलं आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग धरलं. सागाच्या आडव्या कापात दरवर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठाल्या छिद्रांची एक ओळ असते, ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. इथं छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली. साग नाही. मग त्या रानातली बाकीची झाडं एकेक करून घेतली. अंजनाच्या गाभ्याचं लाकूड पाण्यात बुडतं; आमची कपची तरंगली. तिवस चिवट असतो, औतकाठीसाठी लोक तो आवडीनं वापरत, म्हणून त्याच्यावर माझी बरीच भिस्त होती. पण तिवसात छिद्रांभोवती फिकट, नागमोडी पट्टे दिसतात. इथं ते नव्हते.

उरले धावडा आणि धामण. दोन्ही चिवट, दोन्ही त्या रानातले. भिंगानं इथं माझी साथ सोडली.

मग एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसलो. कपची पाण्यात उकळून मऊ केली, वस्तऱ्यानं पारदर्शक काप काढले, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. लाकडात गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे असतात, त्यांना किरण म्हणतात. त्या किरणांत, आडव्या पेशींच्या मधे, उभट आणि रिकाम्या दिसणाऱ्या पेशींच्या रांगा स्वच्छ दिसल्या, भिंतीत विटांचे थर दिसावेत तशा. या पेशी धावड्यात नसतात. धामणीच्या गोतावळ्यात असतात. त्या दिवशी मी किती वेळ त्या नळीला डोळा लावून बसलो होतो, मला आठवत नाही.

हा गोतावळा तुमच्या-माझ्या ओळखीचाच आहे. आता धामण ज्या कुळात धरतात त्याच कुळात कापूस, भेंडी, अंबाडी आणि ज्यूटही येतात. सालीत दोरखंडाचा धागा, ही या घराण्याची खूण.

पण सूक्ष्मदर्शकानं प्रजातीपर्यंत, म्हणजे ग्रेविया या जवळच्या झाडांच्या गटापर्यंत नेलं, तिथंच तो थांबला. फालसाही याच प्रजातीतला. पुढचं उत्तर रानातच मिळणार होतं. म्हणून आम्ही दोघं किनवटला गेलो, तिच्या आजोळच्या एका वयस्कर बाबांकडे. मी कमठा पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला, पोटावर टेकवून थोडा वाकवला आणि म्हणाले, "धामन हाय की ही. चला, झाडच दावतो."

पाऊण तास चाललो. झाड मध्यम उंचीचं. बाबांनी एक पान तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. "बुडाला बगा सर, एक बाजू मोठी, एक बारकी. सरळ पान घावणारच नाही." खरंच, देठाशी पान तिरपं कापल्यासारखं, कडा करवती, शिरा बुडापासूनच पंज्यासारख्या फुटलेल्या. फांदीवर वाटाण्याएवढी काळी फळं होती. आम्ही ती खाल्ली, आंबटगोड. शास्त्रात याचं नाव ग्रेविया टिलीफोलिया. बाबांनी पुढं सांगितलं ते कुठल्या प्रयोगशाळेत मला कळलं नसतं: खोड बिनगाठीचं निवडायचं, करवतीनं कापायचं नाही, पाचर ठोकून उभं फाडायचं, आणि सावलीत वाळवायचं. करवत धागा तोडते, पाचर धाग्याच्या मागं जाते. कमठा त्या न तुटलेल्या धाग्यावरच तर जगतो.

घरी येऊन जुने वैद्यकीय निघंटू, म्हणजे औषधी वनस्पतींचे कोश, काढले. धामणीला तिथं धन्वंग म्हटलंय, आणि दुसरं नाव आहे धनुर्वृक्ष. धनुष्याचं झाड! इतके दिवस नावच उत्तर सांगत होतं.

तरी नुसत्या नावावर विसंबू नका, हे मी कळकळीनं सांगतो. धामण नावाचा साप आहे, धामण नावाचं चाऱ्याचं गवत आहे. अंजन झाडही आहे आणि गवतही. पान हातात घेतल्याशिवाय नाव पक्कं होत नाही.

1972 चा वन्यजीव कायदा आला आणि पुढं शिकार बंद होत गेली, ते योग्यच झालं. पण कमठा घडवायचं काम थांबलं तशी लाकूड पारखणारी माणसंही कमी होत गेली. तुमच्या घरात असा कमठा असेल तर त्याला तेल किंवा वॉर्निश लावू नका, काजळी तशीच राहू द्या. घरातल्या थोरल्यांना लाकडाचं नाव विचारा आणि ते ज्या बोलीत सांगतील, गोंडी असो, कोलामी असो, त्याच शब्दात लिहून ठेवा. अगदीच अडलं तर देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाच्या हजारो नमुन्यांचा संग्रह आहे, तिथं लाकूड ओळखून देतात.

आणि दोरीही विचारा. कौटिल्यानं अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोऱ्यांची यादी दिली आहे, त्यात मूर्वा, रुई, ताग, वेळू आणि जनावराचे स्नायू आहेत. आमच्या कमठ्याला दोरीच्या जागी बांबूची घोटून गुळगुळीत केलेली कामटी आहे. ती टोकाला कशी बांधली आहे, ती गाठ मी कागदावर काढून घेतली, आणि मग कमठा परत आजोळी पाठवला. तो आता पुन्हा चुलीवर, आढ्याला आहे.

नमस्कार.