हजेरीपट म्हणजे प्रशिक्षण नव्हे
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय छापलाय ‘अग्निशमन व आपत्कालीन वैद्यकीय प्रशिक्षण अधिकारी : पात्रता आणि कर्तव्ये’. वाचताना परिपत्रक हातात पडल्यासारखं वाटतं, तरीही एवढे जण आलात, म्हणजे बाहेर ऊन जास्त असणार. पात्रता सांगतो, कर्तव्यंही सांगतो. आधी हजेरीपटाबद्दलची तक्रार मात्र ऐकून घ्यावी लागेल.

कोणत्याही दलाच्या फाइलीत हा कागद सापडतो : सीपीआर (हृदय बंद पडलेल्याला छातीवर दाब आणि श्वास देणं) प्रशिक्षण, दोन तास, उपस्थित 24, सह्या 24. खाली शेरा ‘प्रशिक्षण यशस्वीरीत्या पार पडले’. या कागदावरून सिद्ध काय होतं? 24 माणसं एका खोलीत होती, एवढंच. किती जागी होती, तेही कळत नाही.

जरा हिशोब मांडू. दोन तासांतली 40 मिनिटं स्लाइडमध्ये जातात. उरली 80. सरावाचा पुतळा एकच असेल तर माणशी साडेतीन मिनिटंसुद्धा येत नाहीत, आणि त्यातच उठणं, बसणं, हात पुसणं. छातीवर दाब देणाऱ्याने दर दोन मिनिटांनी जागा बदलायची असते, कारण त्यानंतर माणूस दमतो. म्हणजे प्रत्येकाची जेमतेम एक फेरी होते. पहिल्या फेरीत चुका होणारच, त्या सुधारायची दुसरी फेरी मिळतच नाही. मोठ्या माणसाला मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, 30 दाबांमागे 2 श्वास, हे आकडे सगळे जण तोंडपाठ सांगतात. लेखी परीक्षेत कोणी नापास होत नाही.

हात मात्र वेगळंच सांगतात. दमायला लागला की माणूस वेग वाढवतो आणि खोली कमी करतो. कोपरं वाकतात. सगळ्यात फसवी चूक म्हणजे दोन दाबांच्या मध्ये छातीवर रेलून राहणं. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही, मग पुढचा दाब ढकलणार काय? ही चूक पुतळ्याच्या पायथ्याशी उभं राहून दिसत नाही. शिकवणाऱ्याने बाजूला गुडघे टेकून बसायचं आणि नजर तळहाताच्या टाचेवर ठेवायची. श्वास देताना दाब दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबले, तर घड्याळ दाखवायचं आणि म्हणायचं, ‘पुन्हा कर.’ माझ्या मते प्रशिक्षण अधिकाऱ्याची खरी पात्रता या दोन शब्दांत आहे. वरिष्ठ माणसाला, वीस वर्षं नोकरी झालेल्याला, सगळ्यांसमोर ‘पुन्हा करा’ म्हणता आलं पाहिजे. (वरिष्ठांना ‘करा’ म्हणावं, ‘कर’ म्हणू नये. शिस्त महत्त्वाची.)

आता बीए सेट, म्हणजे धुरात जाताना पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मास्क. वर्गात शिकवतात : 6.8 लिटरचा सिलिंडर, 300 बार दाब, गुणाकार करा, साधारण 2040 लिटर हवा. एवढ्या दाबाला प्रत्यक्षात थोडी कमीच भरते, पण हिशोबाला चालेल. श्वासाला मिनिटाला 40 लिटर धरले की 50 मिनिटं. हे 50 मिनिटांचं आश्वासन घेऊन जवान आत जातो. पण पाण्याने भरलेला होज (आगीवर पाणी मारायचा पाइप) जिन्यावरून ओढणारा माणूस मिनिटाला 80 लिटर सहज घेतो. मग उरली 25 मिनिटं. धोक्याची शिट्टी बहुतेक सेटवर 55 बारच्या आसपास वाजते. तेव्हा शिल्लक असते सुमारे 370 लिटर, म्हणजे या दराने साडेचार मिनिटं. ‘शिट्टी वाजली की निघायचं’ असं जो शिकवतो, त्याने ही साडेचार मिनिटं अंधाऱ्या जिन्यात स्वतः मोजून बघावीत. शिट्टी वाजायच्या आत माणूस दाराबाहेर हवा.

उपाय अगदी साधा आहे. प्रत्येकाचा स्वतःचा आकडा काढा. सुरुवातीचा दाब लिहा, दहा मिनिटं खरं काम द्या : शिडी, होज, जड पुतळा ओढणं. पुन्हा गेज (दाब दाखवणारा काटा) वाचा. 300 वरून 180 वर आला तर 120 बार गुणिले 6.8, म्हणजे 816 लिटर. मिनिटाला जवळपास 82. हा आकडा त्याच्या नोंदपत्रकात गेला पाहिजे. आणि जोडी आत गेली की ज्याची हवा आधी संपते, त्याच्या गेजवर दोघांनी परत फिरायचं. हे सगळ्यांना पटतं, करत मात्र कोणी नाही, कारण प्रत्येकाचा आकडा वेगळा हेच कुठे लिहिलेलं नसतं.

प्रत्यक्ष आगीचा सराव हा तर अर्ध्या दिवसाचा विषय. 1982 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे अशाच सरावात दोन जवान गेले. त्यानंतर एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं 1403 हे मानक आलं, पहिली आवृत्ती 1986 ची. पाच शिकाऊंमागे एक प्रशिक्षक, ज्वालाग्राही द्रव वापरून आग भडकवायची नाही, आधी सगळ्यांना इमारत फिरून दाखवायची, आगीवर मारा करणाऱ्या होजमागे राखीव होज, आणि सराव तिथल्या तिथे थांबवायचा अधिकार असलेला सुरक्षा अधिकारी. आणखी एक : अडकलेला माणूस म्हणून जिवंत माणूस ठेवायचा नाही. 2001 मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिल इथे तो ठेवला गेला. एक नवखा स्वयंसेवक त्यात गेला, आणि सराव घेणाऱ्या सहायक प्रमुखाला न्यायालयाने फौजदारी निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवलं. पुतळा बोलत नाही, ओरडत नाही, म्हणून सराव ‘खरा’ वाटत नाही, अशी कुरकुर अजून ऐकू येते. न वाटू दे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं होतं, ते आता धावत.

पात्रता. आगीच्या आणि रुग्णवाहिकेच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव. वैद्यकीय बाजू शिकवणार असेल तर स्वतःचा परवाना चालू हवा, मुदत संपलेला नको. शिकवण्याचं वेगळं प्रमाणपत्र हवं, कारण उत्तम जवान हा उत्तम शिक्षक असेलच असं नाही. एनएफपीए 1041 या मानकात (आता ते एनएफपीए 1020 मध्ये विलीन झालंय) प्रशिक्षकाच्या तीन पायऱ्या होत्या : पहिलीवरचा तयार पाठ शिकवतो, दुसरीवरचा पाठ स्वतः तयार करतो, तिसरीवरचा सगळा कार्यक्रम आखतो. प्रशिक्षण अधिकारी निदान दुसरीवर असावा. ‘टुर्निकेटची (रक्तस्राव थांबवायला हातापायावर दांडी पिळून आवळायचा पट्टा) माहिती होईल’ हे उद्दिष्ट त्याने लिहू नये. ‘जखमेच्या 5 ते 7 सेंटिमीटर वर, सांधा टाळून, आधी पट्टा ताणून मगच दांडी पिळून, रक्त थांबेपर्यंत आवळेल आणि वेळ लिहील’ असं लिहावं. पट्टा सैल ठेवून नुसती दांडी पिळणं ही नेहमीची चूक, ती अशा वाक्यात पकडता येते.

कर्तव्यं. वर्षाचा आराखडा, पण घटनांच्या अहवालावरून केलेला. गेल्या वर्षाची तारीख खोडून नव्हे. वैद्यकीय भाग वैद्यकीय संचालकाच्या संमतीने. प्रमाणपत्रांच्या मुदती संपायच्या तीन महिने आधी सूचना. सीपीआरचा हात काही महिन्यांतच बिघडायला लागतो, म्हणून दोन वर्षांतून एकदा दिवसभर बसवण्यापेक्षा थोडा थोडा सराव वारंवार. सरावाच्या साहित्यावर ‘फक्त सरावासाठी’ अशी ठळक खूण. सरावाचं औषध खऱ्या पेटीत गेलं तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको. आणि नोंदपत्रक : काय केलं, किती वेळात, कोणी तपासलं, कुठे चुकलं, पुन्हा कधी. सहीचा रकाना शेवटी.

मागच्या टेबलावर एक बीए सेट ठेवलाय. ज्यांना आपला आकडा काढायचा आहे त्यांनी थांबावं. दाढीवाल्यांनी गेज वाचायचं काम करावं. मास्क त्यांच्या चेहऱ्यावर घट्ट बसणार नाही.