जमीन कुठे खचली, कुठे थांबली

(दृश्य : जुन्या घरातली रिकामी खोली. जमिनीवर ठेवलेली काचेची गोटी सावकाश भिंतीकडे निघते.)

ही गोटी कुणी ढकललेली नाही. ती जमिनीवर ठेवली, क्षणभर थांबली आणि आपल्या वाटेने निघाली. जुन्या घरात राहणाऱ्यांना याचे नवल वाटत नाही. कपाटाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी असते, अर्धे उघडलेले दार आपोआप मिटते, आणि सांडलेले पाणी नेहमी कोणत्या कोपऱ्यात जाते हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. गोटीवरून उतार आहे एवढे कळते. मात्र तो किती आहे, कशामुळे आला आणि मुख्य म्हणजे तो अजून वाढतो आहे की कित्येक वर्षांपूर्वीच थांबला आहे, हे तिच्यावरून कळत नाही. दुरुस्तीचा सगळा निर्णय या शेवटच्या प्रश्नावर अवलंबून असतो, आणि दुर्दैवाने बहुतेक घरांमध्ये तोच प्रश्न विचारला जात नाही. जुनी फरशी उखडली जाते, नवी समपातळीत बसवली जाते, आणि काही वर्षांनी त्याच कोपऱ्यात पुन्हा पाणी साचू लागते.

(दृश्य : दोन माणसे पारदर्शक नळीची टोके धरून खोलीच्या दोन बाजूंना उभी आहेत.)

मोजमापासाठी महागडे साधन लागत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन्ही टोके उभी धरली, की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीवर येऊन स्थिरावते. मध्ये भिंत आली किंवा दुसरी खोली आली तरी त्यात फरक पडत नाही. नळीत हवेचा बुडबुडा राहू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते, कारण एका बुडबुड्याने सगळी मापे चुकतात. लेझर लेव्हल हाताशी असेल तर काम लवकर उरकते, पण गवंड्याची ही लेव्हल ट्यूब नीट वापरली तर तिच्यावर निश्चिंतपणे विसंबता येते.

जमिनीवर दर १ मीटर अंतरावर खडूने खूण करावी, प्रत्येक खुणेची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी आणि कागदावर खोलीचा आराखडा काढून ते आकडे जागच्या जागी लिहावेत. तासाभराच्या या कामातून डोळ्यांना न दिसणारा आकार समोर येतो. संपूर्ण खोली एका भिंतीकडे कललेली असेल, तर संशय त्या भिंतीच्या पायावर किंवा तिच्यात रुतलेल्या कड्यांच्या, म्हणजे मजला पेलणाऱ्या आडव्या लाकडांच्या, टोकांवर जातो. मधोमध झोळ पडला असेल, तर कड्या वाकलेल्या असण्याचा संभव अधिक. एकाच ठिकाणी खळगा असेल, तर त्याच्या आसपास पाण्याची नळी किंवा सांडपाण्याचा पाइप आहे का, हे आधी पाहावे.

आकारांमध्ये सर्वांत फसवा असतो तो उंचवटा. खोलीच्या मध्यातून एक लांबट उंचवटा गेलेला दिसला, की जमीन तिथे फुगली असे कुणालाही वाटते, आणि तो फोडून किंवा घासून खाली आणण्याचा विचार सुरू होतो. प्रत्यक्षात अनेकदा त्या रेषेच्या बरोबर खाली एखादी भक्कम भिंत किंवा तुळई असते. तिच्या दोन्ही बाजूंची जमीन वर्षानुवर्षे हळूहळू खाली गेलेली असते आणि भिंतीवरचा भाग तेवढा मूळ जागी राहिलेला असतो. घरातली एकमेव न हललेली जागा आपल्याला दोषी वाटते. ती घासून काढली, तर शाबूत भाग तेवढा कमकुवत होतो आणि खचलेला भाग तसाच राहतो. म्हणून आराखड्यावरचे आकडे खालच्या मजल्याच्या नकाशावर ठेवून पाहिल्याशिवाय कोणत्याही उंचवट्याला हात लावू नये.

(दृश्य : दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून वर तिरपा गेलेला तडा.)

हालचाल चालू आहे की थांबली, याची साक्ष भिंती देतात. दारांच्या आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघणारे तिरपे तडे हे सहसा एक बाजू दुसरीपेक्षा अधिक खचल्याचे लक्षण असते. तड्याच्या आत जुना रंग किंवा धूळ भरलेली दिसली, तर तो जुना आहे. कडा टोकदार आणि आतून स्वच्छ असतील, तर तो अलीकडचा आहे. ब्रिटनमधील बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संस्थेच्या वर्गवारीनुसार साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचे तडे किरकोळ, तर १५ ते २५ मिलिमीटरचे तडे गंभीर समजले जातात. तरीही केवळ रुंदीवर निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते. चाळीस वर्षे जसाच्या तसा असलेला रुंद तडा एक वेळ परवडतो. मागच्या पावसाळ्यात नसलेला आणि आज नखभर रुंद झालेला तडा परवडत नाही.

त्यासाठी तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने बारीक खुणा करून त्यांतले अंतर तारखेसह लिहून ठेवावे, किंवा काचेची पातळ पट्टी तड्यावर आडवी चिकटवावी. भिंत हलली तर पट्टी तडकते. घराखाली चिकणमाती असेल, तर हे निरीक्षण निदान वर्षभर चालू ठेवावे लागते, कारण ती माती ओलीने फुगते आणि वाळली की आकसते. एका ऋतूत रुंदावलेला तडा दुसऱ्या ऋतूत पुन्हा मिटतो, आणि दोन महिन्यांच्या नोंदीवरून घर खचत चालले आहे असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. भिंतीलगतच्या मोठ्या झाडाने कोरड्या दिवसांत मातीतले पाणी ओढून घेतले, तर पाया खचतो. तेच झाड एकाएकी तोडले, तर ओल परत येऊन माती फुगते आणि पाया वर उचलला जातो. म्हणून झाड तोडणे हा उपाय दिसतो तितका सरळ नसतो.

(दृश्य : खालून दिसणारी कडीपाटाची बाजू. टॉर्चच्या उजेडात एका कडीचे भिंतीत गेलेले टोक.)

लाकडी मजल्याची खरी तपासणी खालून होते. समान भार सर्वत्र पसरलेला असताना कडीचा झोळ तिच्या लांबीच्या चौथ्या घातानुसार वाढतो. म्हणजे दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर झोळ १६ पट होतो. कडीची ताठरता तिच्या उंचीच्या तिसऱ्या घातानुसार वाढते. उंची दुप्पट केली, तर तीच कडी ८ पट ताठ होते. हे गणित एकदा लक्षात आले, की जुन्या घरांतल्या कित्येक चुका आपोआप दिसू लागतात. कधीतरी खालच्या मजल्यावरची ‘नुसती आडभिंत’ म्हणून एखादी भिंत काढली गेलेली असते आणि तिच्यावर टेकलेल्या कड्यांची लांबी एका दिवसात जवळजवळ दुप्पट झालेली असते. कुठे नळ नेण्यासाठी कडीच्या मधोमध, खालच्या बाजूने खाच कापलेली असते. नेमक्या त्याच जागी लाकडावर सर्वाधिक ताण असतो. कुठे वर पाण्याची टाकी बसवलेली असते. १,००० लिटर पाणी म्हणजे १,००० किलो वजन, आणि ते रात्रंदिवस त्याच जागेवर उभे असते.

सतत भार सोसणारे लाकूड वर्षांगणिक थोडे थोडे वाकत जाते, आणि भार काढला तरी पूर्णपणे सरळ होत नाही. ओल्या लाकडात ही क्रिया अधिक वेगाने घडते. त्यामुळे शंभर वर्षांच्या कडीत थोडा झोळ असणे हे तिच्या वयाचे लक्षण आहे, तेवढ्यावरून तिला निकामी ठरवू नये. निकामी लाकूड ओळखण्याची रीत वेगळी आहे. भिंतीत रुतलेल्या टोकाशी, जिथे ओल सर्वांत आधी पोचते, तिथे टोकदार आरी टोचून थोडे लाकूड उचकटावे. निरोगी लाकूड लांब, चिवट ढलपीने सुटते. कुजलेले लाकूड आडवे तुटते आणि बोटांत चुरते. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली, तर कुजवणाऱ्या बुरशीला तिथे वाढता येत नाही. भिंतीवरून चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवीची वाट. छोट्या गोल भोकांखाली ताजी पांढुरकी भुकटी पडलेली असेल, तर कीड आजही आत आहे.

तळमजल्याची गोष्ट निराळी. तिथे फरशीखाली भराव असतो, आणि तो भरताना थरांनी ठोकलेला नसेल तर पुढे दबत राहतो. भिंती आपल्या पायावर उभ्या राहतात आणि मधली जमीन तेवढी खाली जाते. फरशी आणि भिंतीच्या खालच्या पट्टीमध्ये फट दिसू लागते. काठीच्या टोकाने फरशी ठोकून पाहिली, तर पोकळ जागी बद्द आवाज येतो. फुटलेल्या सांडपाण्याच्या पाइपातून निघणारे पाणी भरावातली बारीक माती वाहून नेते आणि वरची फरशी पोकळीवर अधांतरी राहते. याउलट लाद्या जोडीजोडीने तंबूसारख्या वर उचलल्या गेल्या असतील, तर जमीन हललेली असेलच असे नाही; कडेला प्रसरणासाठी फट न ठेवता बसवलेल्या लाद्यांची पकड सुटून त्या एकमेकींना रेटतात. छत काँक्रीटचे असेल आणि त्याचा खालचा गिलावा फुगून सळ्या दिसत असतील, तर तिथे गवंड्याआधी संरचना अभियंत्याला बोलवावे, कारण गंजलेली सळी मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापते आणि काँक्रीट आतून फोडत राहते.

(दृश्य : पावसाळी पाण्याची पन्हळ. तिचे तोंड भिंतीच्या पायथ्याशीच रिकामे होते आहे.)

दुरुस्तीचा आरंभ बहुतेक वेळा घराबाहेरून होतो. पन्हळीचे पाणी पायापासून दूर नेणे, गळका पाइप बदलणे आणि भिंतीलगतची जमीन बाहेरच्या दिशेला दर मीटरला सुमारे ५ सेंटिमीटर उतरती करणे, ही कामे आकर्षक नसली तरी त्यांच्याशिवाय पुढचा सगळा खर्च वाया जातो. ओल थांबल्यावर काही महिने थांबून पुन्हा मोजावे.

झोळ पडलेल्या लाकडी मजल्यावर वरून लेव्हलिंगचा थर, म्हणजे जमीन समपातळीत आणणारे सिमेंटचे पातळ मिश्रण, ओतून जमीन सपाट करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि या एका चुकीबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. अशा मिश्रणाचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरला प्रत्येक चौरस मीटरमागे पावणेदोन ते दोन किलो भरते. १२ चौरस मीटरच्या खोलीत सरासरी ३० मिलिमीटर थर द्यायचा, तर ६३० ते ७२० किलोंचा कायमचा भार आधीच वाकलेल्या कड्यांवर चढतो. कड्या आणखी वाकतात, थराला तडे जातात, आणि वरून सपाट दिसणाऱ्या जमिनीखाली काय चालले आहे हे कुणालाच कळत नाही. भक्कम, स्थिर काँक्रीटवर हाच थर उत्तम काम देतो. पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर प्रायमर मारायला मात्र विसरू नये.

कड्यांचा उपाय कड्यांपाशीच करायचा असतो. खालून टेकू देऊन, त्यावर आडवी तुळई ठेवून स्क्रू जॅकने मजला उचलता येतो, पण आठवड्याला ३ मिलिमीटरच्या आसपास, त्याहून घाईने नाही. ज्या लाकडाला वाकायला पन्नास वर्षे लागली, ते एका दुपारी सरळ करू गेल्यास भिंतींचा गिलावा फुटतो, दारे अडकतात आणि पाइपांचे सांधे निखळतात. जॅकखालची जमीनही तपासावी, नाहीतर मजला वर जाण्याऐवजी जॅकच खाली रुततो. शिवाय पूर्ण समपातळीचा हट्ट धरू नये. दारे नीट मिटू लागली आणि झोळ निम्म्यावर आला, तरी थांबणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

मग जुन्या कडीला खेटून तेवढ्याच उंचीची नवी कडी बोल्टने जोडावी, आणि ती शक्यतो दोन्ही आधारांपर्यंत पोचेल इतकी लांब घ्यावी. टोक कुजले असेल, तर निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून नवा तुकडा जोडता येतो. भिंतीत जाणारे टोक दगड-विटांच्या थेट स्पर्शात ठेवू नये आणि त्याच्याभोवती हवा खेळती राहू द्यावी. खालची जागा मोकळी असेल, तर मधोमध तुळई आणि खांब देणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, मात्र त्या खांबांना स्वतःचा पाया हवा. चालताना मजला नुसता थरथरत असेल, तर कड्यांमध्ये आडवे ठोकळे घट्ट बसवल्याने बराच फरक पडतो.

तळमजल्यावर खचलेला भराव उकरून काढावा आणि १५ सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी शिंपडत, धुम्मसने ठोकत पुन्हा भरावा. पायाच खचला असेल, तर त्याखाली नवा आधार द्यावा लागतो; ते काम अभियंत्याच्या देखरेखीखाली, १ मीटरच्या आसपासच्या तुकड्यांत, एक सोडून एक असे करतात, कारण संपूर्ण भिंतीखालची माती एकदम काढली तर भिंत उभी राहत नाही. चुन्याच्या किंवा मातीच्या जुन्या जमिनीवर सिमेंटचा घट्ट थर देऊ नये. वर यायला वाट न उरलेली ओल कडेने भिंतींत चढते. जुन्या व्हिनाइल लाद्या आणि त्यांचा काळा गोंद यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून तपासणीआधी त्या फोडू किंवा घासू नयेत.

आणि कधीकधी काहीही न करणे हाच योग्य निर्णय असतो. वर्षभराच्या नोंदीत तडा हलला नाही, लाकूड कोरडे आणि चिवट निघाले, तर दाराची खालची कड रंध्याने थोडी तासावी, कपाटाच्या पायाखाली पुठ्ठ्याऐवजी लाकडाची नीट पाचर द्यावी आणि जुनी जमीन आहे तशी ठेवावी.

(दृश्य : तीच खोली. खडूच्या खुणा पुसट झाल्या आहेत. नळीतले पाणी स्थिरावते आहे.)

दुरुस्ती झालेल्या खोलीत पुढच्या वर्षी, त्याच महिन्यात, त्याच खुणांवर पुन्हा नळी धरली जाते. जुन्या आराखड्याशेजारी नव्या आकड्यांचा रकाना भरला जातो. भिंतीलगतच्या खुणेवर गेल्या वर्षी १४ मिलिमीटर लिहिले होते. आज पाणी पुन्हा १४ वर थांबते, आणि पेन्सिल शेजारी आजची तारीख लिहिते.