माइकवरून मंत्रालयात: नबील अम्र

श्रोतेहो, नमस्कार. आज आपल्याच माध्यमातल्या एका माणसाविषयी बोलायचं आहे. पॅलेस्टिनी नेते नबील अम्र यांचा जन्म १९४७ सालचा, वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनजवळच्या दूरा गावातला. शिकले कायदा, पण लोकांना ते ठाऊक झाले ‘पॅलेस्टाईनचा आवाज’ या पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या रेडिओमुळे.

या रेडिओला स्वतःची जमीन नव्हती. प्रक्षेपक यजमान देशाचा, त्यामुळे बटणही त्याच्याच हातात. जुलै १९७० मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी इस्रायलशी युद्धबंदीची अमेरिकेची रॉजर्स योजना मान्य केली. रेडिओने त्यावर टीका केली आणि कैरोहून होणारं प्रसारण बंद पडलं. १९८२ च्या उन्हाळ्यात इस्रायली सैन्याने लेबनॉनची राजधानी बैरूतला वेढा घातला, शहराचं पाणी आणि वीज तोडली. तिथल्या रेडिओ केंद्राची धुरा तेव्हा अम्र यांच्याकडे होती.

पुढे ते मॉस्कोत राजदूत झाले. इस्रायल आणि मुक्ती संघटना यांच्यातल्या १९९३ च्या ऑस्लो करारानंतर मायदेशी परतले आणि त्यांनी ‘अल-हयात अल-जदीदा’ हे वृत्तपत्र सुरू केलं. जानेवारी १९९६ मध्ये ८८ सदस्यांच्या पॅलेस्टिनी विधान परिषदेवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून आले, नंतर संसदीय कामकाज मंत्री झाले.

हे खातं म्हणजे सरकार आणि परिषद यांच्यातला दुवा. परिषदेने टप्प्याटप्प्याने वाचनं करून विधेयक मंजूर करायचं, मग ते अध्यक्षांच्या सहीला जायचं. गाडी अडायची ती इथेच. राज्यघटनेची जागा घेणारा मूलभूत कायदा परिषदेने १९९७ मध्ये मंजूर केला, पण अध्यक्ष यासर अराफत यांची सही झाली ती मे २००२ मध्ये. त्याच महिन्याच्या सुरुवातीला अम्र यांनी सुधारणांची मागणी करत राजीनामा दिला होता. सप्टेंबरमध्ये त्यांनी अराफत यांना अनावृत पत्र लिहिलं, आणि ते छापलं आपणच सुरू केलेल्या वृत्तपत्रात. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या पत्रात सरकारच्या प्रमुखाला जाब विचारणं सोपं नसतं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोलाचं लेखन हेच.

एप्रिल २००३ च्या अखेरीस पंतप्रधान महमूद अब्बास यांचं मंत्रिमंडळ आलं आणि अम्र माहितीमंत्री झाले. पण सुरक्षा दलं कोणाच्या हुकमात, यावरून अराफत आणि अब्बास यांचं बिनसलं, आणि ६ सप्टेंबरला अब्बास यांनी राजीनामा दिला. जेमतेम चार महिन्यांत मंत्रिपद संपलं.

२० जुलै २००४ रोजी दूरचित्रवाणीवर मुलाखत देऊन अम्र रामल्लातल्या घरी परतले, आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जीव वाचला, पण एक पाय कापावा लागला.

त्यानंतरही ते पदावर परतले. राजदूत म्हणून त्यांची नेमणूक झाली ती कैरोत, जिथे १९७० साली ‘पॅलेस्टाईनचा आवाज’ बंद करण्यात आला होता.