गाणं संपल्यावरची शांतता

श्रोतेहो, नमस्कार. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाट्यवस्तीतली गाजलेली संगीत नाटकं अमेरिकन टीव्हीने १९५०च्या दशकात स्टुडिओत आणली. त्यांतली जी उरली आहेत ती पाहिली की पहिली तक्रार येते ती चित्राची. धुरकट, करडं, कडा विरलेल्या. माझं म्हणणं असं की ती आधी डोळे मिटून ऐकावीत.

चित्राचा दोष नाटकाच्या माथी मारू नये. ७ मार्च १९५५ रोजी एनबीसी या वाहिनीने अभिनेत्री मेरी मार्टिनचं 'पीटर पॅन' थेट आणि रंगीत दाखवलं. आज त्याची जी प्रत आहे ती कृष्णधवल किनेस्कोप, म्हणजे मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून केलेलं चित्रण. तिथल्या टीव्हीवर सेकंदाला ६० अर्धचित्रं, म्हणजे एकाआड एक रेषांची चित्रं, उमटत आणि फिल्मच्या चौकटी २४. एका चौकटीच्या वाट्याला अडीच अर्धचित्रं येतात. त्यांतली दोन टिपली जातात आणि उरलेल्या अर्ध्याच्या वेळात फिल्म पुढे सरकते. शटरचं माप किंचित चुकलं की चित्राच्या मधोमध आडवा पट्टा थरथरू लागतो.

आता कान लावा. स्टुडिओत सेट, बूम (माइक टांगलेला लांब दांडा) आणि अवजड कॅमेरे मांडले की वादकांना जागा उरत नसे, म्हणून ऑर्केस्ट्रा अनेकदा वेगळ्या खोलीत बसे. ऑर्केस्ट्राचा संचालक मॉनिटरवर गायिकेला पाहणार, गायिका सेटवरच्या लाउडस्पीकरमधून ऑर्केस्ट्रा ऐकणार. स्पीकर १० मीटरवर असला तर आवाज तिच्यापर्यंत पोहोचायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. ती तेवढी मागून गाते, हेडफोन लावलेला संचालक तिच्यासाठी थांबतो, तो थांबला म्हणून ती आणखी थांबते, आणि लय ओढत जाते. स्पीकर मोठा करावा, तर तोच आवाज बूमच्या माइकमध्ये शिरतो आणि ऑर्केस्ट्रा डब्यातून वाजल्यासारखा पोकळ होतो. त्यामुळे स्पीकर शक्य तितका जवळ, हळू आणि माइककडे पाठ करून ठेवणं हाच उपाय.

रंगमंचावरच्या गाण्याचा शेवट टाळीसाठीच बांधलेला असतो. वरचा सूर, बँडचा ठोका आणि टाळ्या. त्या टाळ्यांत नट श्वास घेतो, कुणी विंगेत जातो, दिवे बदलतात. प्रेक्षक नसलेल्या स्टुडिओत ठोका पडला की पुढे नुसती शांतता. हात वर करून थिजलेली नटी दोन सेकंद तशीच दिसते आणि ते दोन सेकंद फार लांब वाटतात. जाणत्या दिग्दर्शकांनी तो ठोकाच काढून टाकला आणि शेवटचा सूर पुढच्या प्रवेशाच्या संगीतात मिसळला. मला हीच सगळ्यांत शहाणी दुरुस्ती वाटते.

कापाकापी तर अटळच. एथेल मर्मनने १९३४मध्ये रंगमंचावर गाजवलेलं 'एनिथिंग गोज' २८ फेब्रुवारी १९५४ रोजी टीव्हीवर तासाभरात बसवलं, तेही जाहिराती धरून. असल्या कात्रीत पहिली जाते गाण्याची पुनरावृत्ती, मग दुय्यम जोडीचं गाणं. पण ती पुनरावृत्ती बहुधा नायिकेच्या वेशबदलासाठीच घातलेली असते! ती गेली की कपडे बदलायला जाहिरातीपुरताच वेळ. याउलट ३१ मार्च १९५७चं सीबीएसचं 'सिंड्रेला' टीव्हीसाठीच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्याला असले सांधे जोडावे लागले नाहीत.

समूहनृत्याचा हिशेबही करून पाहा. ४० फूट रुंदीचा रंगमंच अख्खा दाखवायचा तर चारास तीनच्या चौकटीत उंची ३० फूट येते. सहा फुटी नर्तक म्हणजे उंचीचा पाचवा भाग. टीव्हीचं चित्र ज्या आडव्या रेषांनी बनतं त्यांतल्या दिसणाऱ्या सुमारे ४८० रेषांपैकी त्याच्या वाट्याला ९६, आणि चेहऱ्याला जेमतेम १२. बारा रेषांत हसू दिसत नाही. चेहऱ्यासाठी कॅमेरा जवळ न्यावा तर पाय कापले जातात.

१९५६मध्ये अँपेक्स कंपनीची व्हिडिओटेप आली. १९६०चं 'पीटर पॅन' रंगीत टेपवर आहे. पण सुरुवातीला टेप ब्लेडने कापूनच जोडत. या यंत्रात ध्वनीचं हेड, म्हणजे टेपवर ध्वनी नोंदवणारा आणि वाचणारा भाग, चित्राच्या हेडपासून सव्वानऊ इंच पुढे असतं आणि टेप सेकंदाला १५ इंच धावते, म्हणजे सुमारे ०.६ सेकंदाचं अंतर. चित्राच्या जागी कापलं की आधीच्या प्रवेशाचा आवाज तेवढा वेळ पुढे वाहतो आणि नव्या प्रवेशाचा पहिला शब्द गिळला जातो. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना पाऊणएक सेकंद कुणीही बोलायचं नाही, वाजवायचं नाही. टाळ्यांवाचून उघडी पडलेली ती शांतता आता मुद्दाम राखावी लागली.